पाचव्या रंगाची पिशवी

जबलपुरात तोफगाडे घडविणाऱ्या कामगाराच्या प्रकृतीची चिंता सरकारने कधीच वाऱ्यावर सोडलेली नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाने दर १५० कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी, आणि ५०० हून अधिक कामगार असल्यास शुश्रूषेची स्वतंत्र खोली फर्मावली असल्यामुळे, माणसे मारण्याची साधने बनविणाऱ्या हातास नुसते खरचटले तरी कायदा औषध घेऊन हजर होई. माणसे वाचविणाऱ्या हातांसाठी मात्र हा अधिनियम नव्हता, कारण रुग्णालय म्हणजे कारखाना नव्हे.

तथापि शासन निष्ठुर आहे असे कोणी म्हणू नये. रुग्णालयातील आरोग्यकर्मचाऱ्यांची व कचरा हाताळणाऱ्यांची नेमणुकीच्या वेळी व पुढे वर्षातून किमान एकदा आरोग्यतपासणी करावी, त्यांस हेपॅटायटिस-बी व धनुर्वात यांच्या लसी द्याव्यात, असा सुस्पष्ट हुकूम आहे. तो २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांत आहे, एवढाच काय तो तपशील. परंतु त्याच नियमांत कचऱ्याचा थाट पाहावा! त्याच्या पिशवीवर बारकोड असतो, त्याची रोजची नोंद असते, आणि सबळ कारण कळविल्यावाचून त्यास ४८ तासांहून अधिक ताटकळत ठेवता येत नाही. रात्रपाळीत सुई टोचलेल्या सिस्टरला एचआयव्ही-प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत व फार तर ७२ तासांच्या आत मिळावे, असे वैद्यकशास्त्र म्हणते. दफ्तरातील अर्ज, शेरा आणि सही यांना ते शास्त्र अवगत असतेच असे नाही.

२०२१ साली मध्य प्रदेशातील ज्युनियर डॉक्टरांनी विद्यावेतनवाढीसोबतच, करोना झाल्यास आपणांस व आपल्या कुटुंबीयांस मोफत उपचार मिळावेत, अशी अमर्याद मागणी करून संप पुकारला, तेव्हा याच जबलपुरातील उच्च न्यायालयाने ३ जून रोजी तो बेकायदा ठरवून २४ तासांत कामावर रुजू होण्यास फर्मावले, आणि सुमारे ३,००० डॉक्टरांनी राजीनामे पुढे केले. आश्वासने मिळाली, संप मिटला. वस्तुतः त्यांनी थोडी दूरदृष्टी ठेवावयास हवी होती. कारण करोनाशी झुंजताना मरण पावणाऱ्या आरोग्यकर्मचाऱ्याच्या वारसांस ५० लाख रुपये देणारी विमायोजना केंद्राने २०२० मध्येच जाहीर केली होती. नुसते आजारी पडून जिवंत राहण्याचा हट्ट धरणाऱ्यास तीत स्थान नव्हते, हा काही योजनेचा दोष नव्हे.

यास्तव आमची एक विनम्र तजवीज आहे. पिवळा, तांबडा, पांढरा व निळा या कचऱ्याच्या चार रंगांत पाचव्याची भर घालून त्यात परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार आणि निवासी डॉक्टर यांचा रीतसर समावेश करावा, म्हणजे त्यांची नोंद रोज होईल आणि ४८ तास उलटण्यापूर्वी कोणीतरी त्यांची विचारपूस करील. खर्चाचाही प्रश्न नाही. बारकोड लावण्याची व्यवस्था आधीपासूनच सक्तीची आहे.