नळी पुसली होती का?

बंदुकीच्या नळीतून दारू पिऊन मेलेला शहजादा जगात एकच असावा, आणि तो आमच्या बुऱ्हाणपूरचा. गावात पाहुणे आले की आम्ही त्यांना शाही किल्ला दाखवतो, हमामखान्याच्या छतावरची नक्षी दाखवतो, कुंडी भंडाऱ्यात उतरवतो. तापी ओलांडून जैनाबादच्या आहूखान्यात नेतो आणि मुमताजमहलला १६३१ साली आधी इथे पुरलं होतं, ताजमहाल खरं म्हणजे आमच्याकडेच व्हायचा होता, असं न चुकता ऐकवतो. मग मावा जिलेबी खाऊ घालून गाडीत बसवतो. त्या शहजाद्याचं, दानियालचं, नाव कुणी काढत नाही. बायकोवर जीव टाकणाऱ्या बादशहाची गोष्ट कुणालाही सांगता येते. दानियालची सांगायला पाहुणा जरा जवळचा लागतो.

मला तो आठवतो तो आमच्या ओळखीतल्या एका काकांमुळे. काका केळीवाले. तापीकाठी बाग आहे, आणि घरात आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक. टोपीवर चालणारी, नळी साधी, आतून गुळगुळीत. परवाना पीकराखणीचा. रानडुकरं रात्री बागेत शिरून कंद उकरतात, त्यांना पळवण्यासाठी काका बार काढतात. त्या बारात गोळी नसतेच. दारू, वर चिंध्यांचा बोळा, आणि आकाशाकडे तोंड करून धडाम्. शिकारीचे दिवस १९७२ च्या कायद्याबरोबर संपले, आणि काका कायदा मानणारे. म्हणजे या बंदुकीला नेमाची गरज शून्य. आणि काकांना गेली कित्येक वर्षं ध्यास कसला, तर नेमाचा.

"काका, आवाजच काढायचा तर नेम कशाला?" मी एकदा विचारलं.

"भाऊ, आवाज डुकरासाठी. नेम आपल्यासाठी."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

बागेच्या टोकाला त्यांनी मातीचा चांगला उंच ढीग घातला आहे. त्यावर जुन्या कॅलेंडरचं पान उलटं लावायचं, मध्ये कोळशाचा ठिपका काढायचा, आणि इकडे धान्याच्या दोन पोत्यांवर बंदूक टेकवून बसायचं. पोत्यांबद्दल त्यांचं म्हणणं असं, की हाताचा दोष बंदुकीच्या माथी मारायचा नाही. आधी बंदूक काय करते ते पाहायचं, मग आपण काय करतो ते.

त्यांचं भरणं बघण्यासारखं असतं. एका रिकाम्या पितळी पुंगळीचं माप केलेलं आहे. दारू त्यात ओतायची, बाहेरून नखानं दोनदा टिचकी मारायची, वरची रास बोटानं सपाट करायची. मापात एका वेळी सैल आणि दुसऱ्या वेळी दाबून भरलं तर तीच पुंगळी दोन वेगवेगळे बार देते. ते नळीत गेलं की जुन्या धोतराच्या फडक्याची चकती, मेण-तेलात बुडवून निथळलेली, तोंडावर ठेवायची आणि तिच्यात शिशाची गोळी बसवायची. गोळी नळीपेक्षा किंचित लहान असते. उरलेली फट ते फडकं भरून काढतं आणि मागचा धूर पुढे निसटू देत नाही. मग गज. गजानं ठोकायचं नाही, दाबत न्यायचं. ठोकलं की मऊ शिसं चेपतं, आणि चेपलेली गोळी वाटेल तिकडे जाते. गोळी दारूवर नीट टेकली की गजाचा जेवढा भाग नळीबाहेर उरतो तिथे काकांनी कानशीनं एक खाच केली आहे. खाच नळीच्या तोंडाशी आली नाही तर टोपी चढवायची नाही. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तर नेमाचं सोडा, नळीच फाटायची.

चाप ओढल्यावरही अंग हलवायचं नाही. धूर विरेपर्यंत गाल दस्त्यालाच. पांढऱ्या धुराचा तो लोट, गंधकाचा वास, केळीच्या पानांवरून उडालेले बगळे. बाकीचे सगळे कागद बघायला धावतात. काका जागचे हलत नाहीत. ते गजाला ओलं फडकं गुंडाळून नळीत घालतात, काढतात, उलटं करून पुन्हा घालतात. फडकं काळंकुट्ट निघतं. मग कोरडं फडकं. एवढं झाल्यावर "कुठं लागली?"

कुणाची गोळी ढिगाच्याही बाहेर गेली की त्यांचा एकच प्रश्न असतो: "नळी पुसली होती का?" दारू कमी पडली का, वारा होता का, डोळा मिटला का, हे सगळं नंतर.

आणि त्यांचं बरोबर आहे. काळ्या दारूत साधारण पाऊण हिस्सा सोरा, बाकी कोळसा आणि गंधक. पेटल्यावर तिचा निम्म्याहून कमी भाग वायू होऊन गोळी ढकलतो. उरलेला निम्म्याहून जास्त घनच राहतो. त्यातला काही धुरातून बाहेर जातो आणि बाकीचा नळीला आतून चिकटतो. हे किटण क्षारांचं, हवेतलं पाणी ओढून घेणारं. दुसरी गोळी पहिलीपेक्षा जड उतरते, तिसरी दुसरीपेक्षा, आणि पाचव्या वेळी गजावर दोन माणसं लटकली तरी ती अर्ध्यावर अडते. दर वेळी दाब निराळा, म्हणून वेग निराळा, म्हणून कागदावरची जागा निराळी. पिळाच्या खाचा कोरलेली रायफल असेल तर हाल आणखी, कारण किटण त्या खाचांतच जाऊन बसतं. मिनिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानं १८४९ मध्ये त्यावर तोडगा काढला. गोळी नळीत सैल उतरावी आणि बार होताना तिचा पोकळ बुडखा फुगून खाचांत बसावा, अशी ती केली. एनफील्ड रायफलीत तिचीच भावंडं आली. ती सुरळीत उतरावीत, किटण मऊ राहावं, म्हणून काडतुसांना चरबी लावली गेली, आणि त्या चरबीचं १८५७ साली काय झालं ते शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. गज सुखानं खाली जावा एवढ्यासाठी केलेली सोय एका साम्राज्याच्या अंगाशी आली.

काकांची एक वहीही आहे. एका बाजूला खताचा हिशेब, दुसऱ्या बाजूला नेमाचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम. दारूचं माप बदललं तर फडकं तेच, फडकं बदललं तर गोळी तीच. तेल लावून ठेवलेल्या नळीची पहिली गोळी हमखास भलतीकडे जाते, हे त्यांनी वहीत लाल शाईनं लिहिलंय, म्हणून आधी तेल पुसून घ्यायचं. या सगळ्या शास्त्राला एकच विघ्न, ते म्हणजे लोकशाही. आचारसंहिता लागली की परवान्याची बंदूक जमा करावी लागते. विधानसभा झाली की लोकसभा, ती झाली की पंचायत. बंदूक माहेरवाशिणीसारखी जाते आणि परतते तेव्हा काका आधी तिची नळी उजेडाकडे धरून आत डोळा लावतात. गंजाचा ठिपका दिसला की त्या दिवशी घरात कुणी त्यांच्याशी बोलत नाही.

या वेडाला बादशाही परंपरा आहे, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना फारसं नवल वाटलं नाही. अकबराला बंदुकांचा असाच नाद होता. अबुल फजलनं 'आईने अकबरी'त त्यासाठी वेगळी प्रकरणं दिली आहेत: लोखंडी पट्टी तिरकी गुंडाळून नळी कशी जोडायची, गोळी सरळ जात नसेल तर नळी तापवून, आत लाकडी दांडा घालून ती कशी सरळ करायची. बादशहाच्या आवडत्या बंदुकीचं नाव संग्राम. १५६८ साली चितोडच्या वेढ्यात जयमल राठोडला टिपलं ते याच बंदुकीनं, असं दरबारी इतिहास सांगतो. कुठल्या बंदुकीनं किती जनावरं पडली याचीही नोंद ठेवलेली होती. संग्रामच्या खात्यावर १,०१९. जहांगीर पुढे हा आकडा तीन-चार हजारांवर नेतो. शिकार बापाची आणि सांगणारा मुलगा, म्हटल्यावर एवढं चालायचंच.

पण मला सगळ्यात आवडतं ते नळ्या साफ करण्याचं प्रकरण. पूर्वी एखादा दांडगा माणूस लोखंडी अवजारांनी कितीतरी वेळ नळी घासत बसायचा. अकबरानं एक चाक काढलं. बैल जुंपून ते फिरवलं की एका वेळी सोळा नळ्या आतून लख्ख. हिंदुस्थानच्या बादशहानं, स्वाऱ्या आणि धर्मचर्चा सांभाळून, नळी पुसण्याचं यंत्र काढावं! काका हे ऐकून बराच वेळ गप्प बसले. मला वाटतं ते बैलाच्या भाड्याचा विचार करत होते.

आता दानियाल याच अकबराचा धाकटा मुलगा. जानेवारी १६०१ मध्ये असीरगड पडला, खानदेश मोगलांचा झाला आणि अकबरानं तो दानियालला दिला. प्रांताचं नावही त्याच्या कौतुकानं दानदेश ठेवलं. ते नाव टिकलं नाही, शहजादाही टिकला नाही. मधला भाऊ मुराद १५९९ साली दख्खनेतच दारूपायी गेला होता, आणि दानियालची वाटही तीच. अकबरानं आग्र्याहून फर्मानांवर फर्मानं धाडली. पहारा बसवायचं काम आलं खानखानान अब्दुर्रहीमवर, म्हणजे आपल्या दोहेवाल्या रहीमवर, आणि तो तर दानियालचा सासरा. सासऱ्यानं जावयाची दारू तोडायची! पुढे १६१५ साली याच रहीमच्या कारकिर्दीत बुऱ्हाणपूरला कुंडी भंडाऱ्याचं पाणी मिळालं. गावाला पाणी पाजणं त्याला जमलं; जावयाला पाण्यावर ठेवणं जमलं नाही.

कारण दानियालची एक लाडकी बंदूक होती, यक्का ओ जनाजा नावाची. जिची गोळी लागली तो थेट तिरडीवर, असा त्याचा अर्थ. स्वतः रचलेला शेर त्यानं तिच्यावर कोरवून घेतला होता. पहारा कडक झाला तेव्हा त्यानं मुर्शिद कुली खान या आपल्या बंदूकचीला गळ घातली, की याच बंदुकीत भरून आण. बंदूकची बंदूक घेऊन आत आला तर कोण अडवणार? मी हिशेब करून पाहिला. चौदा मिलिमीटर तोंडाची चार फुटी नळी धरली तर तिच्यात एकशेनव्वद मिलिलिटरच्या आतबाहेर मावतं. म्हणजे एक क्वार्टर, वर चार थेंब. रंजकेचा कानही मेणानं बुजवायला हवा, नाहीतर वाटेतच ठिबकायचं. एवढी कारागिरी शिकारीसाठी कुणी केली नसेल.

जहांगीरनं आपल्या आठवणींत पुढचं लिहिलंय: ती कडक दारू, नळीतलं बंदुकीच्या दारूचं जुनं किटण आणि गंज, सगळं एकजीव झालं. शहजादा ते प्याला आणि त्यानं अंथरूण धरलं, ते कायमचं. साल १६०५, वय बत्तीस. हे लिहिणारे जहांगीर स्वतः ऐन भरात दिवसाला वीस प्याले दोनदा गाळलेली दारू रिचवत, असं त्यांनीच नोंदवलंय, तेव्हा दोष दारूकडून गंजाकडे सरकवण्यात त्यांचाही थोडा स्वार्थ असावा. माझ्या मते दानियाल चांदीच्या सुरईतून प्यायला असता तरी फार दिवस राहता ना. आमच्या गावच्या हवेतही काहीतरी असणार. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्रज वकील सर टॉमस रो इथे शहजादा परवेझच्या दरबारी आला. भेटीदाखल त्यानं बाटल्यांची पेटी दिली आणि संध्याकाळची खासगी मुलाखत त्या पेटीत बुडाली. परवेझही १६२६ मध्ये बुऱ्हाणपूरलाच दारूनं गेला. पण बंदूक वापरण्याची कल्पकता त्याच्यात नव्हती.

हे सगळं मी काकांना अगदी रंगवून सांगितलं. बापानं बैल जुंपून सोळा नळ्या एकदम साफ करायचं चाक काढावं, आणि मुलानं न पुसलेल्या नळीतून प्यावं, इथे आवाज थोडा खाली आणला. काका सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता थांबवला.

"दोनदा गाळलेली म्हणता?"

"हो."

"रातभर नळीत होती?"

"तेवढं लिहिलेलं नाही. पण गंज सुटला म्हणजे असेल बराच वेळ."

"मंग किटण सारं उतरलं असंल," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच दानियालबद्दल आदर दिसला. "दुसऱ्या दिवशी कोनी नेम लावून पाह्यला का?"