पाकीट पाठवा, फटफटी नको

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात मर्टल बीच नावाचं गाव आहे. अटलांटिकच्या काठाने साठेक मैल सलग वाळू पसरली आहे, तिला तिकडचे लोक ‘ग्रँड स्ट्रँड’ म्हणतात, आणि त्या वाळूच्या जिवावर हे गाव जगतं. वस्ती जेमतेम पस्तीस हजारांची, पण हंगामात पाहुणे लाखांनी. धंदा एकच. आलेल्याला समुद्राकडे तोंड असलेली खोली द्यायची, तळलेली कोळंबी खाऊ घालायची, मिनी-गोल्फ खेळवायचं आणि जाताना गावाच्या नावाचा टी-शर्ट गळ्यात मारायचा. तारकर्लीच्या माणसाला यात काही नवल वाटायचं नाही.

तर या गावाने २००८ साली ठरवलं, की काही पाहुणे आता पुरे झाले.

नको झालेले पाहुणे मोटारसायकलवाले. दर मे महिन्यात त्यांच्या दोन जत्रा भरत. पहिली हार्ले-डेव्हिडसनवाल्यांची. हार्लेच्या विक्रेत्यांनी ती १९४० साली सुरू केली, म्हणजे आपल्याकडे ‘चले जाव’ची घोषणा व्हायच्या आधीपासून हे लोक ‘चले आव’ म्हणत होते. हे स्वार बहुतेक गोरे, बरेचसे पन्नाशीच्या आसपासचे. वर्षभर वकिली करायची, दात काढायचे, विमे विकायचे, आणि मे महिन्यात चामड्याचं जाकीट चढवून बंडखोर व्हायचं. दुसरी जत्रा महिन्याच्या शेवटी, मेमोरियल डेच्या सुट्टीला जोडून. ती १९८० पासून शेजारच्या अटलांटिक बीच या चिमुकल्या गावातली, कृष्णवर्णीय स्वारांची. त्यांच्याकडे जपानी रेसिंग गाड्या जास्त. दोन्ही जत्रांचा आवाज कानाला सारखाच बसतो. पण मर्टल बीचच्या कानाला त्यातला फरक फार बारकाईने कळायचा. पहिल्या आठवड्यात जो आवाज पर्यटन असायचा, तो दुसऱ्या आठवड्यात कायदा आणि सुव्यवस्थेचा प्रश्न व्हायचा.

यात गंमत अशी, की यातली एकही जत्रा मर्टल बीचच्या पालिकेची नव्हती. दुसरी तर सरळसरळ वेगळ्या नगरपालिकेची. पहिलीही गावाबाहेर मरेल्स इनलेटपर्यंतच्या बारांतून आणि पार्किंगच्या मैदानांतून पसरलेली. पालिकेकडे त्यांचं यजमानपद नव्हतंच. होतं ते फक्त गल्ल्यातलं नाणं आणि झोपमोड. यजमान नसताना पाहुण्यांना हाकलायचं म्हणजे मोठं कौशल्याचं काम. पालिकेने ते कायद्याने करायचं ठरवलं.

तिथल्या वादाचं चित्र आपल्याला काढायला कठीण नाही, कारण अशा सभा जगभर एकाच साच्यातल्या. निवृत्तीनंतर शांतता विकत घेऊन आलेले आजोबा पहाटे दोन वाजता खिडकीखाली सायलेन्सर फुटल्याचं सांगतात. मोटेलवाला हंगामाआधीचा सगळा महिना याच दोन आठवड्यांवर निघतो म्हणून कपाळाला हात लावतो. बारवाला रडकुंडीला येतो. आणि मधेच एक जण उभा राहून सगळ्यांच्या मनातलं बोलतो: आपल्याला ‘कुटुंबवत्सल’ पर्यटक हवेत. हा कुटुंबवत्सल पर्यटक कसा असतो? जो येतो तेव्हा दिसत नाही, राहतो तेव्हा ऐकू येत नाही आणि जातो तेव्हा भरपूर खर्च करून गेलेला असतो, तो. थोडक्यात लग्नाला अहेर हवा, वऱ्हाड नको.

मग २००८ मध्ये पालिकेने पंधरा उपविधींचा एक गठ्ठा मंजूर केला. सायलेन्सरच्या आवाजाला मर्यादा, पार्किंगच्या जागेत घोळका करून उभं राहायला मनाई, असं बरंच काही. पण त्या गठ्ठ्यातला मुकुटमणी होता हेल्मेट. साउथ कॅरोलायनात एकवीस वर्षांच्या पुढच्या माणसाला हेल्मेटची सक्ती नाही. आपली कवटी ही आपली खासगी मालमत्ता आहे, असं त्या राज्याचं मत. मर्टल बीचने मात्र ठरवलं की आपल्या हद्दीत प्रत्येक स्वाराच्या डोक्यावर हेल्मेट आणि डोळ्यांवर गॉगल असलाच पाहिजे. पालिकेला पाहुण्यांच्या मेंदूची एवढी काळजी अचानक कशी वाटू लागली, हे विचारण्यात अर्थ नव्हता. हेल्मेट घातलेला बंडखोर बंडखोर दिसत नाही, आणि तसा दिसणार नसेल तर तो येतच नाही, हे साधं मानसशास्त्र. डोकं वाचवायला शोधलेली वस्तू डोकी पळवून लावायला वापरणारी ही पहिलीच पालिका असावी.

(पुणेकर वाचकांनी इथे विनाकारण खुश होऊ नये. २०१९च्या जानेवारीत त्यांच्या शहरात जी हेल्मेटसक्ती आली, ती खरोखरच डोकी वाचवायला होती. विरोध मात्र तेवढ्याच निष्ठेने झाला.)

फेब्रुवारी २००९ मध्ये नियम लागू झाला आणि स्वारांनी बिनहेल्मेटची फेरी काढून अगत्याने चलनं घेतली. त्यांना कोर्टातच जायचं होतं, त्यामुळे पोलिसांनी फाडलेला प्रत्येक कागद हा वादीच्या हातातला पुरावा झाला. जून २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हेल्मेटचा उपविधी रद्द केला. कारण अगदी व्यवहारी होतं: अशा बाबतीत राज्यभर एकच नियम हवा. प्रत्येक गाव स्वतःचा नियम करू लागलं तर स्वाराने दर वेशीवर थांबून डोक्यावरचं चढवायचं की उतरवायचं, हे पाटी वाचून ठरवायचं का?

कायदा गेला, पण काम झालं होतं. मोटारसायकलवाले समजदार निघाले आणि थोडे पुढे सरकले. गावाच्या हद्दीबाहेरच्या बारांनी आणि मैदानांनी त्यांना हात पसरून घेतलं. म्हणजे आवाज तोच राहिला, समुद्रही तोच. गल्ला तेवढा शेजाऱ्याकडे गेला. मर्टल बीचच्या व्यापाऱ्यांनी शांतता अनुभवली. मला वाटतं, रिकाम्या मोटेलची शांतता हा पर्यटनातला सर्वांत महागडा प्रकार असतो.

याच २००९ साली पालिकेने आणखी एक निर्णय घेतला. विक्रीवर एक टक्का पर्यटन विकास शुल्क बसवलं. कशासाठी? मुख्यतः बाहेरगावच्या लोकांनी मर्टल बीचला यावं म्हणून जाहिराती करायला. एका हाताने नियमांचा गठ्ठा दाखवून पाहुणे परतवायचे आणि दुसऱ्या हाताने कर गोळा करून पाहुण्यांना आमंत्रण पाठवायचं, हे दोन्ही एकाच वर्षात. अर्थशास्त्राच्या परीक्षेत हा प्रश्न आला तर मुलं नापास होतील.

गल्ला शेजाऱ्याकडे जाण्याचं दुःख आपल्याकडे गोव्याला विचारा. मोटारसायकलवाल्यांचा ‘इंडिया बाइक वीक’ २०१३ मध्ये वागातोरला सुरू झाला, आणि २०२४च्या डिसेंबरात तो आमच्या मावळात, कामशेतजवळ येऊन बसला. त्यामुळे कोकणातल्या माणसाने घाटावर चढून समुद्राची हवा खावी, अशी अपूर्व सोय झाली.

पण मर्टल बीचची खरी कथा त्या दुसऱ्या जत्रेची आहे, आणि ती ऐकताना हसू जरा आवरतं घ्यावं लागतं. अटलांटिक बीच हे गाव चारेक गल्ल्यांचं. वर्णभेदाच्या काळात त्या किनाऱ्यावर कृष्णवर्णीयांना पाय ठेवता येईल अशा मोजक्या जागा होत्या, त्यातली ही एक. जॉर्ज टायसन नावाच्या कृष्णवर्णीय व्यावसायिकाने १९३४ मध्ये इथे जमीन घेतली, हॉटेलं उभी राहिली, आणि गावाला ‘काळा मोती’ म्हणू लागले. १९६६ मध्ये त्याची स्वतःची नगरपालिका झाली. १९६८ मध्ये आजूबाजूची चार गावं एकत्र येऊन नॉर्थ मर्टल बीच झाली. अटलांटिक बीच त्यांच्यात गेलं नाही. आजही किनाऱ्यालगतचा रस्ता त्याच्या सीमेवर येऊन थांबतो आणि पलीकडे पुन्हा सुरू होतो. पुढे कायद्याने सगळे किनारे सगळ्यांना खुले झाले. चांगली गोष्ट झाली, पण गिऱ्हाईक मोठ्या हॉटेलांकडे गेलं आणि मोती ओस पडला. तेव्हा चार पैसे यावेत म्हणून १९८० साली ही जत्रा सुरू झाली.

ती फुगत फुगत मर्टल बीचच्या ओशन बुलेव्हार्डवर आली. आधीच्या आठवड्यात हार्लेवाल्यांसाठी तो रस्ता दुहेरी असायचा, कृष्णवर्णीय स्वार आले की एकेरी व्हायचा. काही उपाहारगृहांना नेमक्या याच आठवड्यात कुलूप लावायची आठवण व्हायची. २००३ मध्ये एनएएसीपी ही नागरी हक्कांसाठी लढणारी जुनी संघटना कोर्टात गेली आणि २००६ मध्ये पालिकेशी तडजोड झाली. २०१४च्या मेमोरियल डे वीकेंडला बुलेव्हार्डवर गोळीबार झाला आणि तीन जण मेले. ते भयंकरच होतं. राज्यपाल निक्की हेली यांनी जत्रा बंद करण्याची भाषा केली. अटलांटिक बीचने जत्रा सोडली नाही, आणि मर्टल बीचने गोळीबार करणाऱ्यांवरचा उपाय म्हणून वाहतुकीचा आराखडा काढला: २०१५ पासून त्या सुट्टीत रात्री दहा ते दोन गाड्यांना तेवीस मैलांचा फेरा. एकदा आत शिरलात की सदतीस किलोमीटर फिरूनच बाहेर. एरवी पाच मिनिटांच्या रस्त्याला तास-दोन तास. पाहुण्याला घरी बसू द्यायचं नाही आणि हाकलल्याचंही दिसू द्यायचं नाही, तर त्याला अंगणातच प्रदक्षिणा घालायला लावायची, ही कल्पना मात्र अव्वल होती.

प्रकरण पुन्हा कोर्टात गेलं. डिसेंबर २०२० मध्ये ज्युरीने निकाल दिला, आणि तो निकाल मी दोनदा वाचला. हा आराखडा करताना वर्ण हे एक प्रेरक कारण होतं, हे ज्युरीला पटलं. आणि वर्णाचा विचार केला नसता तरी पालिकेने हेच केलं असतं, हेही पटलं. त्यामुळे पालिका सुटली.

हा युक्तिवाद आपल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या सचिवांनी लगेच लिहून घ्यावा. भाडेकरूला नकार देताना यापुढे पंचाईत नको. त्याचं आडनाव पाहून नकार दिला, हे खरं. पण आडनाव पाहिलं नसतं तरी नकारच दिला असता, कारण लिफ्ट बंद आहे. अनामत रक्कम मात्र आधी भरावी.