दोन डोंगर, एक सूर्य आणि तिरका पाऊस : एक अल्प चिकित्सा

चौथीतल्या माझ्या भाचीला शाळेतून ‘पावसाळ्यातील दृश्य’ काढून आणायला सांगितलं होतं. चित्रकलेची वही, तेलखडूंची बारा रंगांची पेटी आणि मामा अशी सामग्री जमवून ती ओट्यापाशी बसली. या विषयावर आजवर पद्धतशीर विचार झालेला नाही, हे तेव्हाच ध्यानात आलं.

प्रथम परंपरा पाहू. महाराष्ट्रातल्या मुलाला कोणत्याही ऋतूचं दृश्य सांगा, हात एकाच क्रमाने चालतो. आधी डोंगर, मग डोंगरांमधला सूर्य, सूर्याखालून निघणारी नदी, कौलारू घर, वाकडा नारळ, आणि शेवटी आकाशात बरोबरच्या खुणेसारखे पक्षी. नदीत बदक हवंच असेल तर ते दोनच्या आकड्यापासून होतं. डोंगर दोन की तीन, यावर संप्रदायभेद आहे. त्रिपर्वतवाद्यांना दोन सूर्य काढायचा मोह होतो, म्हणून प्रस्तुत लेखक द्विपर्वतवादी आहे.

पूर्वपक्ष असा, की हे दृश्य कुठलंच नाही, ते फळ्यावरून वहीत आणि वहीतून पुढच्या पिढीच्या फळ्यावर आलं. हे मत घाईचं आहे. सह्याद्री उत्तर-दक्षिण पसरलेला. सूर्य उगवतो आहे असं धरलं, तर बघणारा डोंगराच्या पश्चिमेला, म्हणजे कोकणात उभा आहे. नदी डोंगरातून त्याच्याकडे येते, म्हणजे पश्चिमवाहिनी. सावित्री घ्या, वाशिष्ठी घ्या. नारळाचा पुरावा वेगळा द्यायला नको. राहता राहिला डोंगरांचा आकार. सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा, त्यामुळे त्याचे माथे पुष्कळदा सपाट आणि अंग पायऱ्यापायऱ्यांचं. त्रिकोणवादी इथे १,६४६ मीटर उंचीची कळसूबाई पुढे करतात. ती टोकदार दिसते खरी, पण शेजारच्या अलंग-कुलंगचे माथे सुरीने कापल्यासारखे आहेत. पट्टी लावून डोंगर काढणाऱ्यांनी एकदा इगतपुरीला खिडकीची जागा मिळवावी. आबालाल रहमान कोल्हापुरात रंकाळ्याकाठी जाऊन चित्रं काढत, ते उगाच नव्हे.

पावसाच्या चित्रात सूर्य कसा, ही शंका सगळेच काढतात. ‘पावसाळा’ हा शब्द आठवेपर्यंत सूर्य काढून झालेला असतो, हे उत्तर पुरेसं आहे. शास्त्राधार हवाच असेल तर नागडा पाऊस आहे. मात्र सूर्याशेजारी इंद्रधनुष्य काढलं तर गुण कापावेत. ते सूर्याकडे पाठ केल्यावरच दिसतं. शिवाय तानापिहिनिपाजातला पारवा आमच्या पेटीत नव्हता.

आता मुख्य प्रमेय : पावसाच्या रेघा. उजव्या हाताने भराभर रेघा ओढल्या की त्या वरून उजवीकडून खाली डावीकडे उतरतात. कोकणात पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं, तर नैर्ऋत्येचा वारा पाठीमागून उजव्या अंगाने येतो आणि सरी तशाच पडतात. म्हणजे महाराष्ट्रातली उजखोरी मुलं पिढ्यान् पिढ्या मोसमी वाऱ्याची दिशा अचूक काढत आली आहेत आणि कुणाला त्याची वार्ता नाही! हे सुचलं तेव्हा मी चहा गाळत होतो, तो अर्धा ओट्यावर गेला.

दुर्दैवाने भाची डावखुरी निघाली. म्हणजे ती डावखुरी होतीच, पण प्रमेयाच्या दृष्टीने तेव्हा निघाली. तिच्या सरी वरून डावीकडून खाली उजवीकडे. लिओनार्दो दा विंचीही डावखुरा. त्याच्या रेखाटनांतल्या छायारेषा अशाच उतरतात आणि जाणकार त्यावरून त्याचा हात ओळखतात. पण त्याला कोकणातला पाऊस काढायचा नव्हता. पूर्वेकडे तोंड असताना असा पाऊस म्हणजे ईशान्येचा वारा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरमधलं तामिळनाडू.

“हा पाऊस आपला नाही,” मी म्हणालो.

“मग कुणाचा?”

उत्तर द्यायला मला जेवण होईपर्यंत वेळ लागला. तिचा सूर्य मावळता होता. मावळता धरला की बघणारा घाट ओलांडून देशावर येतो आणि तोंड पश्चिमेला होतं. नैर्ऋत्येचा वारा आता समोरून डावीकडून येतो, सरी तिच्या हातासारख्याच पडतात आणि नदी पूर्वेला वाहणारी कृष्णा होते. उजखोरे कोकणातली सकाळ काढतात, डावखुरे वाईची संध्याकाळ. तिने कंटाळून सातच रेघा ओढल्या होत्या, तेही बसलं. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलीमीटरच्या वर पाऊस आणि घाट उतरून आलं की पर्जन्यछाया.

तंत्राबद्दल थोडं. पेटीतल्या पांढऱ्या खडूचं टोक वर्षअखेरपर्यंत शाबूत राहतं. तो या दिवसासाठी असतो. आधी पांढऱ्या तेलखडूने दाबून सरी ओढायच्या. कोऱ्या कागदावर त्या दिसत नाहीत, मूल संशयाने बघतं. मग जलरंगातला निळा-काळा भरपूर पाण्यात कालवून वरून फिरवायचा. तेलकट रेघेवर पाणी ठरत नाही, मण्यामण्यांनी बाजूला सरकतं, आणि करड्या आभाळात पाऊस उघडा पडतो. मेणबत्तीच्या तुकड्यानेही जमतं. भाचीने सातही सरी उगवताना पाहिल्या आणि आणखी हव्या म्हणाली. पर्जन्यछायेचं कारण सांगून मी नकार दिला.

नदी मात्र तिने तपकिरी रंगवली. निळी का नाही? “पुलावरून बघितलीय मी. चहासारखी असते.” या मुद्द्यावर ग्रंथकारांचं मौन आहे.

नारळ देशावर प्रक्षिप्त ठरतो, तो खोडावा असं मी सुचवलं. तेलखडू खोडरबराने जात नाही, फासतो. त्यामुळे नारळाचं आता काहीतरी वडासारखं झालं आहे.

सोमवारी वही परत आली. बाईंनी तांबड्या शाईने बरोबरची खूण केली होती, जागा सापडली तिथे, म्हणजे आभाळात. चार पक्ष्यांचे पाच झाले. “हा तांबडा कुठला पक्षी?” भाचीने विचारलं. त्यावर टिपण चालू आहे.