तीन सेकंदांचा सत्कार

पहाटे साडेपाचला भोसरीच्या चौकात कंपनीची बस येते. चढणारा माणूस टेकल्या टेकल्या घोरायला लागतो, तो थेट चाकणच्या गेटवर उठतो. आत गेल्यावर त्याच्या स्वागताला जपानी शिस्तीच्या पाट्या उभ्या: सेइरी, सेइटोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. घरी चहाचा रिकामा कप जागचा न हलवणारा हा गृहस्थ इथे मात्र बोर्डावर रंगवलेल्या पान्याच्या सावलीत पाना अचूक टांगतो. बायकोने हे एकदा पाहायला हवं.

(हा कारखाना कल्पनेतला समजावा, म्हणजे कुणी आपल्यावर ओढून घेणार नाही.)

शर्ट सगळ्यांचा सारखाच, राखाडी. साहेबांचाही. ही समता जपानहून आली आहे. मग कोण कोण ते ओळखायचं कसं? गळ्यातल्या पट्टीवरून. निळी परमनंटची, पिवळी ट्रेनीची, लाल कंत्राटी पोराची. तिघं शेजारी शेजारी उभे राहून एकाच जातीचा बोल्ट आवळतात आणि तीन जातींचा पगार घेतात. बारमाही कामावर कंत्राटी माणूस लावायला सरकार मनाई करू शकेल, अशी तरतूद 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने केली. कारखान्याने त्यातून आपल्यापुरता अर्थ काढला. काम बारमाही, माणूस हंगामी. औद्योगिक विवाद कायद्याने कामाच्या 240 दिवसांना मोठा भाव दिला, म्हणून ते भरायच्या आत लाल पट्टीला ‘ब्रेक’ मिळतो. चहाचा नव्हे.

तर अशाच एका लाल पट्टीवाल्याची कंबर धरली. बोल्टचा ट्रे खाली होता, दर वेळी वाकावं लागायचं. त्याने भंगारातली सळई वाकवून हूक केला आणि ट्रे छातीच्या उंचीवर टांगला. कंबर सुटली. सुपरवायझरने ते पाहिलं, आणि हुकाचा ‘कायझेन’, म्हणजे जपानी भाषेत सुधारणा, झाला. ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो निघाले. ‘आधी’च्या फोटोसाठी त्याला पुन्हा वाकायला लावलं, जरा जास्तच. अकरा स्लाइडचं प्रेझेंटेशन झालं. त्यात कंबर कुठेच नव्हती. होती ती बचत: तीन सेकंद.

आता हिशोब. आठ तासांची पाळी म्हणजे 480 मिनिटं. जेवणाची 30 आणि दोन चहांची 20 वजा केली की उरली 430. मिनिटाला एक नग, म्हणजे 430 नग. तोच नग 57 सेकंदांत झाला तर 452. दुसऱ्या सोमवारी फळ्यावर नवं टार्गेट लागलं. पोराला प्रमाणपत्र आणि स्टीलची बाटली मिळाली, आणि लाइनवरच्या बाकीच्यांना रोजचे 22 नग जास्तीचे. दोन दिवस त्याच्याशी कुणी धड बोललं नाही. एक काका तेवढे म्हणाले, “अरे, कंबर दुखत होती तर मूव्ह लावायचं!”

पुढे मुंबईहून मोठे साहेब ‘गेंबा’, म्हणजे प्रत्यक्ष कामाची जागा, बघायला येणार असं कळलं. टोयोटाचे ताइइची ओहनो जमिनीवर खडूने वर्तुळ काढायचे आणि आपल्या माणसांना त्यात उभं करून तासन्‌तास नुसतं काम बघायला लावायचे, असं सांगतात. आपल्याकडे वर्तुळ नाही, पिवळा पट्टा. तीन दिवस आधी तो नव्याने रंगवला. गळकं मशीन पुसून काढलं आणि त्याच्याखाली पुठ्ठा सरकवला. वर्षभर मागितलेले पंखे सकाळी स्टोअरमधून अवतरले. कँटीनच्या आमटीत डाळ आढळली.

साहेब खरोखरच हुशार निघाले. प्रेझेंटेशनकडे पाठ करून हुकापाशी थांबले, ट्रे हाताने हलवून पाहिला आणि म्हणाले, “वा! हे कुणी केलं? बोलवा त्याला.”

सुपरवायझरने फळ्यावरच्या फोटोकडे पाहिलं. फोटोत पोरगा बाटली छातीशी धरून हसत होता. वर ठळक अक्षरांत ‘आमची माणसं, आमची संपत्ती’.

“आज सुट्टीवर आहे, सर.”

त्याचा 240 च्या अलीकडचा शेवटचा दिवस परवाच भरला होता.