सल्ला न देणाऱ्या काकू

डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीतल्या काकू पूर्वी नुसता सल्ला द्यायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी समुपदेशनाचा कोर्स केला आणि सल्ला देणं बंद केलं. आता तुमचं उत्तर तुम्हीच शोधायचं. त्यांच्या मनातलं उत्तर तुम्हाला सापडेपर्यंत त्या सोफ्यावरून उठू देत नाहीत, एवढंच.

मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सला त्यांनी माहेरचा माणूस मानलंय. समोरच्याचं बोलणं, त्यातली भावना ओळखून, त्यालाच ऐकवायचं हे तंत्र तर त्या रस्त्यावरही वापरतात. भाजीवाला म्हणाला, "मेथी तीस रुपये." काकूंनी मान किंचित तिरकी केली. "म्हणजे, मेथी तिसाला विकावी असं तुम्हाला आतून वाटतंय." भाजीवाल्याने घाबरून पंचविसाला दिली. रॉजर्सने १९५७ साली सहानुभाव, विनाअट स्वीकार आणि सच्चेपणा या अटी मांडल्या, तेव्हा त्याच्या डोक्यात मेथी नसावी. विनाअट स्वीकारातून सून तूर्त वगळलेली आहे.

मौन मात्र त्यांना जड जातं. ओठ घट्ट मिटून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत त्या जेमतेम अर्धं मिनिट काढतात आणि विचारतात, "बोलतोस, की मी बोलू?"

आणि गोपनीयता! "नाव मेले तरी सांगणार नाही. बी विंग, तिसरा मजला, परवाच सोफा बदलला." कुणाच्या जिवाला धोका असेल तर गुप्तता मागे पडते, हे कॅलिफोर्नियातल्या टारासॉफ खटल्याने १९७६ साली ठरवलं. काकूंनी तो निकाल जरा सैल हाताने घेतला. ए विंगमधल्या मुलीने नोकरी सोडल्याचं त्यांनी तिच्या आईला लगेच कळवलं, कारण धोका आईच्या रक्तदाबाला होता.

मध्यंतरी बारावीतला एक मुलगा संध्याकाळी त्यांच्याकडे गेला. तासाभराने त्याचे आईवडील वर गेले, आणि मग काकू त्यांना घेऊन कुठेतरी बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारच्या फळ्यावर, पाणीकपातीच्या सूचनेवरच, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चिकटवलेला होता.

आम्ही विंग आणि मजल्याची वाट बघत राहिलो. कोजागिरीला न राहवून मीच खडा टाकला, "हल्ली मुलांवर ताण फार, नाही का हो काकू?"

काकूंनी घड्याळाकडेसुद्धा पाहिलं नाही. शेवटी दुधात साखर कमी पडल्याचा विषय आम्हालाच काढावा लागला.