लाल आकड्यांचे उपकार

नव्या वर्षाचं कालनिर्णय भिंतीवर लागलं की घरातला कर्ता पुरुष एकादश्या बघत नाही की ग्रहणं बघत नाही. तो बोट फिरवत लाल आकडे मोजतो आणि तोंड पाडून जाहीर करतो, "यंदा तीन रविवारात गेल्या." सुट्टी रविवारी येणं हे नोकरदाराचं असं दुःख आहे, की ज्याच्या सांत्वनाला कोणी येत नाही, पण वर्तमानपत्रं बातमी मात्र न चुकता छापतात.

हे लाल आकडे देतं कोण? देव देत नाही. राज्य शासन दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना काढतं ती 'परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१' या कायद्याच्या कलम २५ खाली. हा कायदा चेक, हुंडी आणि वचनचिठ्ठीचा. रामनवमी, ईद, बुद्ध पौर्णिमा, नाताळ हे सगळे त्या यादीत एकाच पंगतीला बसतात, कारण त्या दिवशी चेक वटत नाही. सर्वधर्मसमभाव आपल्याला संतांनी शिकवला असं आपण भाषणात म्हणतो. सरकारी कागदावर तो बँकेनं शिकवलेला आहे. आणि ज्याच्या हातात जन्मात कधी चेक पडला नाही त्याला सुट्टीही नाही, हे मग ओघानं आलंच.

हा समभाव सर्वांत गोड लागला तो २०२३ साली. अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुस्लिम समाजानं समजूतदारपणा दाखवून जुलूस एक दिवस पुढं ढकलला, शासनानं ईदची सुट्टी २९ ला दिली. गुरुवारी गणपती, शुक्रवारी ईद, शनिवार-रविवार आपलेच, सोमवारी गांधीजी. सलग पाच दिवस! शेजारधर्माचं फळ इतक्या लवकर आणि इतकं रोख क्वचितच मिळतं. त्या आठवड्यात सलोख्याचं कौतुक न करणारा एकही कारकून सापडला नसता. तलाठ्याच्या बंद दाराशी सातबाऱ्यासाठी उभ्या राहिलेल्या माणसाला मात्र हा सलोखा जरा जास्तच वाटला असेल.

आपल्या जालना जिल्ह्याला लाल आकडे विशेष पावतात. जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव घनसावंगी तालुक्यात, आणि जन्म १६०८ सालच्या रामनवमीचा. आळशी माणसावर ज्यांनी आयुष्यभर कोरडे ओढले, त्यांच्या जन्मतिथीला आपण दुपारी पंखा लावून झोपतो. १ मे तर तिहेरी आहे: महाराष्ट्र दिन, कामगार दिन, आणि १९८१ साली याच तारखेला आपला जिल्हा औरंगाबादपासून सुटा झाला. वाढदिवस सुट्टीच्या दिवशी आल्यामुळं तो कोणाच्या लक्षात राहत नाही. बाकी कामगार दिनाला साहेब हमखास घरी असतो. कामगाराचं काय, ते सळईच्या कारखान्यातल्या भट्टीला विचारावं लागतं.

सुट्टीचा वारसुद्धा काही वेदात सांगितलेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे भांडले आणि १० जून १८९० पासून रविवार मिळाला. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात. निजामाच्या कचेऱ्या शुक्रवारी बंद. त्यात जालन्याची तऱ्हा आणखी न्यारी. इंग्रजी फौजेची छावणी इथं होती, तिचा रविवार; नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, त्याचाही रविवार; आणि सरकारी दप्तराचा जुम्मा. दोन्ही दरबारी ओळख असणाऱ्यानं तेव्हा आठवड्यात दोन दिवस आराम केला असेल, आणि दोन्ही दरबारी वेठ असणाऱ्यानं एकही नाही.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामानं शरणागती पत्करली, मराठवाडा मोकळा झाला आणि पाठोपाठ कचेऱ्यांचा शुक्रवार जाऊन रविवार आला. बाकीचा महाराष्ट्र १५ ऑगस्टला एकदाच स्वतंत्र होतो. आपण तेरा महिने मागं राहिलो, त्याची भरपाई म्हणून महिनाभरानं पुन्हा एकदा झेंडावंदनाला जातो आणि पुन्हा एकदा मराठवाड्याच्या मागासलेपणावर तेच भाषण ऐकतो. पुढं २०२० च्या २९ फेब्रुवारीपासून राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा झाला. त्यासाठी कोणाला तुरुंगात जावं लागलं नाही.

खेड्याला या घडामोडींची फारशी खबर नाही. जुम्मा गेला, रविवार आला, शनिवार त्याला येऊन मिळाला, तरी खेड्याचा आठवडा आठवडी बाजारावरच मोजला जातो. मजुरी बाजाराच्या तोंडावर सुटते. बाजाराच्या दिवशी निंदायला-वेचायला बाया मिळत नाहीत. मालक कितीही तडफडला तरी नाही. मीठ-मिरची, पोराची चप्पल, दवाखाना, व्याह्याची गाठ, सोयरिकीची चौकशी, सगळं त्या एका दिवसात. ही अधिसूचना कोणी काढलेली नाही आणि कोणाची टाप नाही ती रद्द करण्याची. राज्यकर्ते बदलले की सुट्टीचा वार बदलतो. बाजाराचा वार बदलायला गेलं तर राज्यकर्ताच बदलेल.

घनसावंगीकडच्या आमच्या एका भाऊजींना मी एकदा विचारलं, "तुम्हाला सुट्टी कधी असते?"

ते म्हणाले, "पाऊस लागला की सुट्टी. अन् पाऊस नाही आला तं लई मोठी सुट्टी."

ती मोठी सुट्टी जिल्ह्यानं २०१२-१३ साली घेतली. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं लोकांनी तोडून सरपणाला लावली. त्या वर्षी कालनिर्णयमध्ये लाल आकडे नेहमीइतकेच होते.

तरी आपले सण मोठे दिलदार. नागपंचमीला चुलीवर तवा ठेवायचा नाही, विळीनं चिरायचं नाही, रानात नांगर-कुळव घालायचा नाही. म्हणजे तवा, विळी, नांगर, कुळव आणि खुद्द नागोबा या पाचांना भरपगारी रजा. तव्याला रजा म्हणून पुरणाची दिंडं उकडायची. ती करायला पोळ्यांपेक्षा कमी कष्ट पडतात असं मी एकदा जेवताना बोललो होतो. पुढचं दिंड मला बराच वेळ वाढलं गेलं नाही.

पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आदल्या दिवशी त्याचे खांदे हळद-तुपानं चोळायचे, कानात जेवणाचं आवतण द्यायचं. सकाळी अंघोळ, शिंगांना रंग, पाठीवर झूल, दारात ओवाळणी आणि पुरणपोळी. गोठे रिकामे होत चालल्यामुळं आता हार ट्रॅक्टरलाही पडतो. त्याला पोळी खाता येत नाही एवढाच त्याचा तोटा. शासनाच्या सुट्ट्यांच्या यादीत पोळा नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती वर्षाकाठी दोन-तीन स्थानिक सुट्ट्या असतात, त्यात त्याची वर्णी लागली तर लागली. लागली की ती सुट्टी उपभोगतो तो कर्मचारी, ज्याच्या दारात खुंटादेखील नाही. सालगड्याची गोष्ट वेगळी. त्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं, गुढीपाडव्याला सुटतं. मधल्या काळात पोळ्याच्या दिवशी बैलाची सुट्टी असते आणि तिची सरबराई सालगडी करतो.

मग महालक्ष्म्या. पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. माहेरवाशिणी त्या, त्यांनी इकडची काडी तिकडं करायची नाही. सोळा भाज्या, कोशिंबिरी, पुरणपोळ्या, आंबील, फराळाच्या आराशी, सवाष्णींची पंगत हे सगळं इतरांच्या लेकींनी करायचं. माहेरवाशीण मुखवट्याची असली तर बसून जेवते. हाडामांसाची असली तर पुरण वाटते.

एकाची सुट्टी दुसऱ्याच्या पाळीवर चालते, हा या साऱ्या लाल आकड्यांचा जमाखर्च. खात्री हवी असेल तर कालनिर्णयच्या चौकटीत पेनानं लिहिलेला दुधाचा हिशेब बघा. लाल आकड्याखाली दूध एक लिटरचं दोन होतं. सुट्टी आपली, खेप गवळ्याची.

दिवाळीत तर हा जमाखर्च चौकात मांडलेला असतो. सोयाबीन घरात येऊन पडलेलं, उसनवार थकलेली, आणि नेमका तेव्हाच मोंढा बंद. अडते, हमाल, मापाडी, सगळ्यांची दिवाळी. फक्त ज्याच्या मालावर ती उभी त्याचा खिसा रिकामा. पाडव्याला मुहूर्ताचा सौदा निघतो. पहिल्या ढिगाला नारळ, शेतकऱ्याला फेटा, चढा भाव आणि पेपरात फोटो. दुसऱ्या दिवशी फेटा उतरतो, भावही उतरतो. मंठा-परतूरकडच्या तांड्यांवरची माणसं तोवर कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागलेली असतात. मुकादमाची उचल पावसाळ्यातच खर्चून गेलेली, दिवाळी त्या उचलीत वळती झालेली. फराळ फडातल्या कोपीवर. त्याच सुमारास पुण्याकडची आपली पोरं दीड-दोनपट तिकीट काढून ट्रॅव्हल्सनं गावाकडं निघतात. म्हणजे पोटासाठी बाहेर गेलेला एक जालनेकर घरी येत असतो, आणि दुसरा पोटासाठी घराला कडी लावत असतो. रस्त्यात कुठंतरी दोघांच्या गाड्या एकमेकींना ओलांडत असतील.

जालन्याच्या लोखंडाचं कालनिर्णय तर आपल्याकडं छापतच नाहीत. औद्योगिक वसाहतीतल्या सळईच्या कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले मजूर मोठ्या संख्येनं आहेत. महालक्ष्म्या आल्या काय नि गेल्या काय, भट्टीला फरक पडत नाही. होळी आणि छठ जवळ आली की ठेकेदाराच्या पोटात गोळा येतो. आपल्या अभिमानाची सळई कधी विसावा घेणार हे गंगेच्या काठी ठरतं. पोरांना रोजगार नाही म्हणून आपण इथं मोर्चा काढतो, तोही शक्यतो सुट्टीच्या दिवशी.

एक सुट्टी मात्र अशी आहे की ती कोणी देत नाही, लोक घेतात. अंगारकी चतुर्थी. राजूरच्या गणपतीला जाणाऱ्या माणसांनी आदल्या रात्री जालना-राजूर रस्ता भरून वाहतो. म्हातारे, पोरं, नवस बोललेल्या बाया, नवी लग्नं झालेली जोडपी, पायात चपला नाहीत, वीस-पंचवीस किलोमीटरची वाट. मंगळवारी कचेरीत गेलात तर खुर्चीवर रुमाल आणि शिपायाचं एकच उत्तर: "साहेब राजूरला." उपवास चंद्रोदयाला सुटतो, फाईल कधी सुटेल ते गणपतीलाच ठाऊक.

पण त्या रस्त्यावर रात्रभर जे चालतं त्याला तिरकस बोलायला माझी जीभ जरा अडखळते. जागोजाग मांडव पडतात. चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी, पाय चोळायला तेल. दिवसभर तराजू सोडून न हलणारा दुकानदार पातेलं ढवळतो. फी घेतल्याशिवाय 'नमस्कार' न म्हणणारा वकील पाण्याचे पेले भरतो, आणि तेही तारीख न देता. इथं कोणाचं मस्टर नाही, कोणाची पाळी नाही. काम थांबलेलं नाही, उलट दुप्पट वाढलंय. फक्त ते दुसऱ्यावर ढकलायच्या ऐवजी आपण होऊन खांद्यावर घेतलंय. दुसऱ्या दिवशी तोच दुकानदार सुट्ट्या पैशांवरून गिऱ्हाइकाशी भांडतो, हेही खरं. एवढा गणपती, पण त्यालाही माणूस एकाच रात्रीपुरता मिळतो.

म्हणून या सदरातर्फे एक प्रस्ताव. जिल्हाधिकाऱ्यांच्या हातातल्या स्थानिक सुट्ट्यांतली एक 'अदलाबदलीची सुट्टी' म्हणून जाहीर व्हावी. त्या दिवशी बड्या बाबूनं कापूस वेचावा, आणि संध्याकाळी काट्यावर स्वतःच्या वेचणीचं वजन बघावं. ठेकेदारानं भट्टीसमोर आठ तास उभं राहावं. अडत्यानं सोयाबीनचं पोतं स्वतःच्या पाठीवर वाहावं. मुकादमानं मोळ्या बांधाव्यात. आणि सुट्ट्यांवर सदरं लिहिणाऱ्यांनी सोळा भाज्या चिराव्यात, पुरण वाटावं.

मजकूर पाठवण्याआधी घरी बायकोला वाचून दाखवला. तिनं शेवटापर्यंत ऐकलं, मान डोलावली.

"चांगलंय, पाठवा," ती म्हणाली. "फक्त त्याच्या दुसऱ्या दिवसाचीपण सुट्टी मागून ठेवा. तुम्ही पुरण वाटलेलं स्वयंपाकघर आवरायला मला अख्खा दिवस लागंल."