फ्रीजच्या दारातलं पार्किंग

पिंपळे सौदागरमध्ये जागेवरून भांडण होत नाही असं एकच ठिकाण उरलं होतं, आमच्या फ्रीजचं दार. वरच्या कप्प्यात अंडी, मधल्यात आईच्या इन्सुलिनचा डबा, खाली सॉस आणि कुठल्याशा सहलीतून आलेली, कुणीच न उघडलेली चटणी. सगळे आपापल्या जागी सुखात होते. एप्रिलमध्ये लेकीनं व्हिटॅमिन सीचं सीरम आणलं आणि इन्सुलिनला जागा खाली करण्याची नोटीस मिळाली.

सीरमची बाजू अगदीच लंगडी नव्हती, हे कबूल करतो. पाण्यात विरघळवलेलं ॲस्कॉर्बिक ॲसिड नव्या जावयासारखं असतं. ऊन, हवा, उकाडा, काहीच सोसत नाही. रुसलं की आधी पिवळं पडतं, मग कोऱ्या चहासारखं दिसायला लागतं. त्याला गारव्यात ठेवणं समजू शकतो. पण जावयाच्या मागोमाग सगळं वऱ्हाड आलं. नायसिनमाइड, सनस्क्रीन, मुलतानी मातीचा लेप, चेहऱ्यावर फिरवायचं दगडी लाटणं, आणि फेसवॉशसुद्धा! नायसिनमाइड बिचारं कपाटातही गुण्यागोविंदानं राहतं. तेलं थंडीत घट्ट होतात. क्रीम चुकून गोठलं तर त्यातलं तेल-पाणी वेगळं होतं. हे मी सांगून पाहिलं. उत्तर आलं, ‘बाबा, बाटलीवर लिहिलंय, थंड आणि कोरड्या जागी ठेवा.’ आमच्या लहानपणी त्या जागेला लाकडी कपाट म्हणायचे.

गंमत म्हणजे सगळा फ्रीज सोडून दारच अधिक गरम, आणि उघडझाप होईल तसं तिथलं तापमान वरखाली होतं. घरातल्या तिन्ही पिढ्या मिळून फ्रीजमधल्या सर्वांत वाईट जागेसाठी भांडत होत्या. इन्सुलिनला लागतात २ ते ८ अंश. ते आतल्या मधल्या कप्प्यात गेलं आणि त्याचं भलंच झालं. अन्यायातून कल्याण होण्याचा आमच्या घरातला हा पहिलाच प्रसंग.

बायको या वादात नव्हती. तिचं कैलास जीवन मलम गेली तीस वर्षं आरशापुढे उघड्यावर आहे. मे महिन्यात त्याचं तेल होतं, डिसेंबरात पुन्हा थिजतं. तिला ऋतू कळायला कॅलेंडर लागत नाही.

चाकणला क्वालिटीत असलेले मेहुणे रविवारी आले, फ्रीज उघडून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, ‘फिफो पाळत नाही वाटतं? आधी आलेलं आधी बाहेर?’ तेव्हा कुठे ती चटणी गेली.

शेवटी लेकीनं स्वतःच्या पगारातून गुलाबी मिनी फ्रीज आणला. टिफिनएवढा. त्यात कॉम्प्रेसर नसतो. पेल्तिए नावाच्या फ्रेंच माणसानं १८३४ मध्ये शोधलेल्या गुणावर तो चालतो : दोन वेगळ्या पदार्थांच्या जोडातून वीज सोडली की एक बाजू गार, दुसरी गरम. त्यातून खोलीपेक्षा पंधरा-वीस अंश कमी मिळाले तरी नशीब. म्हणजे बाहेर एकोणचाळीस असताना आत वीसेक. शिवाय गरम बाजूचा पंखा ती ऊब खोलीतच सोडणार. म्हणून लेक एसी चोवीसवर लावते. क्रीम गार करायला खोली तापवायची, खोली गार करायला एसी लावायचा, आणि बिल आल्यावर माझं डोकं गार ठेवायला मात्र कुठलंच उपकरण नाही.

गुरुवारी दुरुस्तीसाठी सकाळीच लाइट गेली. सोसायटीच्या जनरेटरवर फक्त लिफ्ट आणि जिन्यातले दिवे. दुपार कलली तरी लाइट नाही, तेव्हा आईनं शांतपणे ताकाचं जुनं मडकं काढलं. इन्सुलिन पिशवीत घट्ट बांधून आत ठेवलं आणि मडक्याला ओलं फडकं गुंडाळलं. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात एक दिवसाआड पाणी येतं आणि हा नेमका बिनपाण्याचा दिवस. तरी फडक्यापुरतं तिनं बाजूला काढून ठेवलं होतं.

संध्याकाळी लेक हिंजवडीहून घामाघूम होऊन आली. मिनी फ्रीज उघडला. आत भट्टी. सीरमची बाटली हातात धरून ती मडक्याजवळ घुटमळली.

‘आजी, थोडी जागा आहे का गं?’

आईनं फडकं नीट केलं. ‘व्हिजिटर म्हणून राहू दे,’ ती म्हणाली, ‘रात्री दहाच्या आत काढायचं.’